गिऱ्हाइकाच्या मापाचा चेलो

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात व्हर्मिलियन नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या नॅशनल म्युझिक म्युझियममध्ये एक चेलो ठेवलाय. आज शिल्लक असलेल्या चेलोंमध्ये तो सगळ्यांत जुना मानतात. त्याला नाव आहे ‘द किंग’, म्हणजे राजा. पाठीवर रंगात आणि सोन्यात काढलेलं चित्र: मुकुट, खांब, ‘के’ हे अक्षर आणि न्यायदेवता. चित्र नीट न्याहाळलं की खटकतं. न्यायदेवतेच्या कमरेचा काही भागच नाही. चित्रकाराचा हात चुकला म्हणावा, तर बाकीचं काम बारीक आणि नेटकं आहे. चूक त्याची नव्हतीच. १८०१ मध्ये पॅरिसच्या एका कारागिराने हा चेलो उसवला, लाकडाच्या फाळी काढून टाकल्या आणि लहान करून पुन्हा जोडला. थोरल्याचा सदरा धाकट्यासाठी आत घालावा, तसा. देवीची कंबर त्या फाळ्यांबरोबर गेली.

कापायला कोणी लावलं? गिऱ्हाइकाच्या गरजेने. आणि मुळात एवढा मोठा करवून कोणी घेतला होता? तेही गिऱ्हाईकच, फक्त ते फ्रान्सच्या गादीवर बसलेलं होतं. चेलोची कुळकथा सांगताना लोक कारागिरांची नावं घेतात: आमाटी, ग्वार्नेरी, स्ट्राडिव्हारी. घ्यावीतच. पण मला या कथेत पलीकडच्या बाजूची माणसं जास्त दिसतात, इसार देऊन ‘मला असं हवं’ म्हणून गेलेली. या वाद्याच्या अंगावर दिसणाऱ्या खुणांपैकी पुष्कळशा त्यांच्या आहेत.

आधी नावाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे ‘सेलो’ म्हटलं की पेन आठवतं, नाहीतर पाण्याची बाटली. वाद्याचा उच्चार ‘चेलो’, आणि तो पुरा शब्द नाहीच, नुसतं शेपूट आहे. इटालियनमध्ये ‘व्हिओला’ म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य. त्याला मोठेपणाचा ‘ओने’ हा प्रत्यय लावला की झालं ‘व्हिओलोने’, थोरली व्हिओला. मग त्याच शब्दाला लहानपणाचा ‘चेल्लो’ चिकटवला: ‘व्हिओलोनचेल्लो’. म्हणजे धाकटी थोरली व्हिओला. हंडा आणावा आणि त्याला लाडाने हंडी म्हणावं, त्यातला हा प्रकार. पुढे इंग्रजांनी या लांबलचक शब्दाचं डोकं उडवून शेपूट तेवढं ठेवलं आणि जगाने तेच उचललं. हंडीला नुसतं ‘डी’ म्हणण्यासारखंच ते.

छापील पुस्तकात हा शब्द १६६५ मध्ये पहिल्यांदा दिसतो, बोलोन्याच्या जुलिओ चेझारे आरेस्ती याच्या सोनाटांच्या संग्रहात. वाद्य त्याआधी शंभर वर्षं वाजत होतं. व्हायोलिनच्या घराण्यातलं खर्जाचं मोठं वाद्य, एवढीच तोवर त्याची ओळख. ‘धाकटं’ हे विशेषण नावात शिरलं, ते वाद्य खरोखर लहान होऊ लागलं त्या सुमाराला. तो भाग पुढे येईल.

उत्तर इटलीत पो नदीच्या काठी क्रेमोना आहे. सोळाव्या शतकात तिथे आंद्रेआ आमाटी नावाचा कारागीर व्हायोलिन, व्हिओला आणि हे खर्जाचं वाद्य असं सगळं कुटुंब बनवत असे. व्हायोलिनचा जो आकार आज आपण डोळे मिटून कागदावर काढू शकतो, तो बऱ्याच अंशी त्याच्या हातचा. १५६० मध्ये फ्रान्सच्या गादीवर नववा चार्ल्स बसला, वय वर्षं दहा. कारभार त्याची आई कातरीन दे मेदिची पाहत होती. ती मूळची फ्लॉरेन्सची, नाचगाण्याची आणि दरबारी थाटाची हौस माहेराहून घेऊन आलेली. फ्रेंच दरबारासाठी आमाटीकडून वाद्यांचा अख्खा ताफा गेला. परंपरेने त्याचा आकडा सांगतात ३८: मोठी आणि लहान मिळून २४ व्हायोलिनं, सहा व्हिओला, आठ खर्जाची वाद्यं. व्हर्मिलियनचा ‘राजा’ त्या आठांपैकी. ‘के’ म्हणजे कारोलुस, चार्ल्सचं लॅटिन रूप. धर्मनिष्ठा आणि न्याय हे त्याचं ब्रीद वाद्यांवर रंगवून घेतलेलं. त्याच चार्ल्सच्या कारकिर्दीत, १५७२ च्या ऑगस्टमध्ये, पॅरिसच्या रस्त्यांवर प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. ब्रीद लाकडावर राहिलं.

दरबाराला हवा होता भरणा. नाचाच्या महालात, मिरवणुकीत, जेवणावळीत ऐकू जाणारा भक्कम खर्ज. या वाद्याने पुढे येऊन चीज वाजवावी, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. म्हणून ते मोठं होतं, त्याला सुरुवातीला तीनच तारा होत्या, आणि त्या तारा तातीच्या होत्या.

या तातीपाशी थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर लटकलंय. तात म्हणजे मेंढीच्या आतड्याची पिळलेली दोरी. स्वर खाली न्यायचा तर तार लांब करा, सैल करा किंवा जड करा, चौथा रस्ता नाही. सैल केली की ती गजाखाली लोळते. जड करायची तर जाड करावी लागते, आणि जाड तात करंगळीएवढ्या दोरखंडासारखी मख्ख बसते, गज ओढला तरी चटकन बोलत नाही. उरतं लांब करणं. लांब तारेला लांब वाद्य लागतं. म्हणून जुन्या खर्जाच्या वाद्यांची धडं ७९-८० सेंटिमीटरच्या घरात किंवा त्याहून मोठी असत. आज चेलोचं धड साधारण ७५ ते ७६ सेंटिमीटर असतं. चार बोटांचाही फरक नाही, असं वाटेल. पण डाव्या हाताच्या बोटांनी त्या लांबीवर भराभर सूर गाठून पाहावेत. वाजवणाऱ्याच्या पंजाला हा फरक कळतो.

सुटका केली धातूने. तातीवर किंवा रेशमावर बारीक तार गुंडाळली तर ती जाड न होता जड होते. जॉन प्लेफर्डने लंडनमध्ये १६६४ मध्ये अशा नव्या तारांची जाहिरात छापली होती, त्याच सुमाराला बोलोन्यात आरेस्तीचं पुस्तक तयार होत होतं. तंबोरा लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे खर्जाची तार पितळेची आणि जाड, जोड पोलादाची. तार जड झाली की लांबीची सक्ती संपते. लांबीची सक्ती संपली की वाद्य माणसाच्या हाताच्या मापाचं होऊ शकतं.

होऊ शकतं, पण कोणीतरी तसं मागावं लागतं. मागणारे बोलोन्यात होते. सान पेत्रोनियो हे तिथलं अवाढव्य देऊळ, त्याला स्वतःचा वाद्यवृंद. त्या वृंदात दोमेनिको गाब्रिएल्ली हा चेलोवादक होता. गावात त्याला सरळ ‘मिंगीनो दाल व्हिओलोनचेल्लो’ म्हणत, चेलोवाला मिंगीनो. आपल्याकडे पेटीवाले अमुक आणि तबलजी तमुक म्हणतात, तसंच. वाद्य माणसाच्या नावाला चिकटतं, तेव्हा त्या वाद्याचे दिवस आले असं समजावं. १६८९ मध्ये त्याने एकट्या चेलोसाठी ‘रिचेर्कारी’ लिहिल्या. साथीला कोणी नाही. एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या अगदी पहिल्या रचनांमध्ये त्या मोडतात, आणि त्यांचं हस्तलिखित मोदेनाच्या एस्तेन्से ग्रंथालयात आहे. पुढच्याच वर्षी गाब्रिएल्ली गेला. आता चेलोवाला कोपऱ्यातून पुढे आला होता, त्याची बोटं वरच्या सप्तकात चढत होती, आणि त्याला ते दरबारी धूड नको होतं.

मधल्या काळात क्रेमोनात काय झालं, ते सांगायचं राहिलं. १६३० ची प्लेगची साथ. आंद्रेआचा मुलगा जिरोलामो तीत गेला. नावाचा म्हणावा असा एकच कारागीर गावात उरला, जिरोलामोचा मुलगा निकोलो. पुढे वर्षं गेली, मागण्या वाढल्या, आणि घरात पुरेसे हात नाहीत म्हणून निकोलोने घराण्याबाहेरची मुलं शिकायला ठेवली. आंद्रेआ ग्वार्नेरी त्यांतलाच. घरातली विद्या घराबाहेर पडली, ती रोगाने घर रिकामं केलं म्हणून. प्लेगमध्ये निकोलो वाचला नसता, तर आज लिलावात ज्यांच्या किमती ऐकून डोळे फिरतात, त्यांतली किती वाद्यं असती, कुणास ठाऊक.

त्याच निकोलोच्या काळातली एक मागणी मला फार आवडते. ती चेलोची नाही, व्हायोलिनची आहे, पण गल्ली तीच. गिऱ्हाईक होता गॅलिलिओ. १६३७ साल. धर्मन्यायालयाच्या शिक्षेमुळे तो फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीला घरातच कैदेत, डोळे जात चाललेले. म्युनिकच्या दरबारात वाजवणाऱ्या पुतण्यासाठी त्याला चांगलं व्हायोलिन हवं होतं. व्हेनिसला त्याचे मित्र फादर फुल्जेंत्सिओ मिकांत्सिओ होते, त्यांना त्याने पत्र लिहिलं: क्रेमोनाचं घेऊ की ब्रेशाचं? मिकांत्सिओंनी विचारलं कुणाला, तर व्हेनिसच्या सान मार्कोच्या संगीतप्रमुखाला, क्लाउदिओ मोन्तेव्हेर्दीला. हा मोन्तेव्हेर्दी जन्माने क्रेमोनाचा. उत्तर आलं की क्रेमोनाचीच उत्तम. ब्रेशाचं व्हायोलिन चार दुकातांच्या आत मिळेल, क्रेमोनाच्याला किमान बारा पडतील. तिप्पट किंमत, आणि वर वायदा. काम लांबलं तेव्हा निरोप आला की कडक उन्हाशिवाय ते नीट पुरं होत नाही. पडत्या वस्तूंचे नियम शोधणारा माणूस घरात बसून क्रेमोनात ऊन पडण्याची वाट बघतोय! दागिना करायला टाकून सराफाच्या पेढीवर हेलपाटे घातलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल.

हे उन्हाचं निमित्त नव्हतं. रोगण तेलाचं असे, आणि तेल उन्हातच नीट सुकतं. सत्तर वर्षांनी, १७०८ मध्ये, अंतोनिओ स्ट्राडिव्हारीने एका गिऱ्हाइकाला लिहिलेलं पत्र उरलंय. त्यातही दिरंगाईबद्दल माफी आहे, आणि कारण तेच: भेगा भरून रोगण दिलंय, उन्हाने त्या पुन्हा उघडू नयेत म्हणून वेळ लागला. जगातला सगळ्यांत नामांकित वाद्य-कारागीर, आणि त्याच्या हातची जी थोडी पत्रं उरली, त्यांतलं एक ‘उशीर झाला, माफ करा’ असं. मला त्यात मोठा दिलासा वाटतो.

स्ट्राडिव्हारीचं एक गिऱ्हाईक मात्र उशिराला न जुमानणारं होतं. क्रेमोनाच्या मार्केझे बार्तोलोमेओ आरिबेर्तीने त्याच्याकडून दोन व्हायोलिनं आणि एक चेलो करून घेतला आणि ती वाद्यं फ्लॉरेन्सला राजपुत्र फेर्दिनांदो दे मेदिचीला भेट पाठवली. १६९० च्या सप्टेंबरमध्ये आरिबेर्तीने कारागिराला पत्र लिहिलं. दरबारातले गुणीजन वाद्यांवर खूश आहेत, विशेषतः चेलोवर, असं आधी कौतुक. मग लगेच मुद्दा: संच पुरा करायला दोन व्हिओला हव्यात, एक लहान, एक थोरली, आणि ताबडतोब कामाला लाग. त्या व्हिओलांसाठी स्ट्राडिव्हारीने कापलेले कागदी नमुने क्रेमोनाच्या म्युझेओ देल व्हिओलिनोमध्ये आजही बघायला मिळतात. शिंप्याच्या दुकानातल्या खाकी कागदाच्या बाह्यांची आठवण व्हावी, असे. १६९० चा तो चेलो आणि थोरली व्हिओला फ्लॉरेन्समध्येच राहिली. थोरल्या व्हिओलाला तर इतक्या वर्षांत कोणी पटाशी लावली नाही. जुनं वाद्य जसंच्या तसं हाती येणं किती दुर्मीळ असतं, हे थोड्या वेळात कळेल.

हा मेदिची चेलो अजून मोठ्या मापाचा आहे. १७०७ च्या सुमाराला स्ट्राडिव्हारीने मात्र नवा साचा काढला. त्यावर ‘बी’ अक्षर आहे, आणि त्याला ‘फोर्मा बी’ याच नावाने ओळखतात. धड पाऊण मीटरभर, खांदे नेमके, कंबर आवरलेली. या मापाचे विसेक चेलो आज उरले आहेत. १७११ चा ‘ड्युपोर’ त्यातला, १७१२ चा ‘डाव्हिडॉव्ह’ त्यातला. पहिला पुढे चेलोवादक म्स्तिस्लाव्ह रॉस्त्रोपोविचकडे आला, दुसरा जॅकलिन द्यू प्रे हिच्याकडून यो-यो मा याच्याकडे. ‘ड्युपोर’च्या अंगावर एक पोचा आहे. वादक ज्याँ-लुई ड्युपोर राजवाड्यात वाजवत असताना नेपोलियनने ‘बघू, हे कसं धरतात’ म्हणून चेलो दोन पायांत घेतला आणि त्याच्या बुटाची आर लागली, अशी आख्यायिका आहे. खरी असो नसो, तो पोचा पुसून काढायचं कोणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

नवं माप रुजलं, तशी जुन्या मोठ्या वाद्यांवर संक्रांत आली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेकडो जुने चेलो उघडले गेले, कापले गेले, नव्या मापाला आणले गेले. ‘राजा’ १८०१ मध्ये कात्रीखाली गेला, तो याच लाटेत. आज आपण हळहळतो. पण त्या वेळच्या वादकाला विचारा. त्याच्या हातात दोनशे वर्षांपूर्वीच्या नाचमहालासाठी केलेलं धूड होतं, आणि त्याला वाजवायच्या होत्या आपल्या काळाच्या चिजा. वाद्य वाजतं ठेवायचं असेल, तर ते कापावं की काचेत ठेवावं? माझं मन ठरत नाही. बेल्जियमचा आद्रियाँ-फ्रांस्वा सेर्व्हे मात्र न कापलेला चेलोच वाजवायचा. तो १७०१ चा थोरला स्ट्राडिव्हारी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. तोवर चेलो दोन पोटऱ्यांत चेपून धरायची रीत होती. सेर्व्हेचं पोट सुटलं, वाद्य मोठं, पाय थकले, आणि त्याने खाली टेकायला खिळा लावून घेतला, असं सांगतात. चेलोच्या बुडाचा तो खिळा पुढे सगळ्यांचाच झाला. विसाव्या शतकात तात जाऊन पोलादी तारा आल्या, हाही एका वाक्यात संपणारा बदल नाही, पण इथे एवढंच.

आज कोणी चेलो करून घ्यायला निघालं, तर काय होतं?

क्रेमोनात आजही दीडशेच्या आसपास कारखाने आहेत. कारखाना म्हणजे एक खोली, एक खिडकी, एक माणूस, क्वचित एखादा शिकाऊ. तिथे १९३८ मध्ये व्हायोलिन बनवायला शिकवणारी शाळा निघाली, आणि २०१२ मध्ये या गावच्या कारागिरीला युनेस्कोने आपल्या यादीत घेतलं. बाहेर जर्मनीत, फ्रान्समध्ये, अमेरिकेत एकट्याने काम करणारे कारागीर आहेतच. नावाजलेल्याकडे वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं, आणि किंमत सहज तीस हजार युरोंच्या पुढे जाते. इसार आधी द्यायचा, बाकीचे टप्प्याने.

पहिल्या भेटीत लाकडाविषयी कमी आणि आवाजाविषयी जास्त बोलणं होतं. इथेच खरी गंमत आहे. गिऱ्हाईक विशेषणं घेऊन येतं: आवाज गडद हवा, पण कोंडलेला नको; खाली गोल, वर धारदार; शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, पण कानाशी ओरडता कामा नये. कारागिराला या सगळ्याचे मिलिमीटर करायचे असतात. मिरजेत तंबोरा करवून घेणारा गवई आपली पट्टी सांगतो, काळी एक की पांढरी पाच, जवारी उघडी की गोल, आणि मिरजकर त्यावरून भोपळा निवडतो. ते बोलणं आणि हे बोलणं एकाच भाषेतलं आहे. मग आराखडा ठरतो. स्ट्राडिव्हारीचा ‘बी’ बहुतेकांना चालतो. कुणाला व्हेनिसच्या दोमेनिको मोंतान्यानाचा आखूड आणि रुंद चेलो हवा असतो, भारदस्त खर्जासाठी. यो-यो माचा १७३३ चा चेलो मोंतान्यानाचाच. १९९९ मध्ये तो न्यूयॉर्कला टॅक्सीच्या डिकीत विसरला आणि पोलिसांनी दिवसभरात शोधून आणून दिला. त्याच यो-यो मा याने पीटर आणि वेंडी मोस या आजच्या कारागीर जोडप्याचा चेलोही वाजवलाय. लाखमोलाचं जुनं हाताशी असताना नवं घेणारे वादक असतात, हे नव्याकडे निघालेल्या गिऱ्हाइकाला धीर देणारं आहे.

लाकूड दोन जातींचं. पोटाला स्प्रूस, तो मुख्यतः आल्प्समधल्या वाल दी फियेम्मेसारख्या खोऱ्यांतला. थंडीत सावकाश वाढल्यामुळे त्याच्या रेषा बारीक आणि सरळ असतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘वाइआ’ वादळाने त्या भागातली लाखो झाडं एका रात्रीत आडवी केली. पाठ, मान आणि कडेच्या पट्ट्यांना मेपल, त्यातही बोस्नियाच्या बाजूच्या मेपलला मान. चेलोच्या पाठीला रुंद फळी लागते आणि तेवढं देखणं मेपल मिळणं कठीण, म्हणून जुन्या कारागिरांनी साधा पॉप्लरही वापरला, स्ट्राडिव्हारीनेही. लाकूड ओंडक्यातून पाचरीसारखं काढतात, मधून चिरतात आणि पुस्तक उघडावं तसं दोन्ही भाग शेजारी ठेवून जोडतात. त्याआधी ते किमान पाच-सहा वर्षं मुरलेलं हवं. काही कारागीर वीस वर्षं जुनं लाकूड राखून असतात आणि कोणाच्या चेलोत ते घालायचं, याबाबत चोखंदळ असतात.

साच्याभोवती कडेच्या पट्ट्या बसवतात. जाडी जेमतेम दीड मिलिमीटर, पाणी लावून तापत्या लोखंडावर वळवायच्या. वेळ थोडी चुकली की पट्टी तडकते. पोट आणि पाठ मात्र वाकवत नाहीत. जाड फळीतून पटाशीने कोरून त्यांचा फुगवटा काढतात, मग अंगठ्याएवढ्या रंध्याने आणि शेवटी खरवडणीने. पोट जागोजागी चार-पाच मिलिमीटरपर्यंत उतरवायचं. मध्येमध्ये फळी दोन बोटांत धरून टकटक करून ऐकायची. किती खरवडायचं, हे मोजपट्टी सांगते. कुठे थांबायचं, ते कान. आतून खर्जाच्या बाजूला एक लांब पट्टी चिकटवतात, आणि घोडीच्या दुसऱ्या पायाखाली पोट आणि पाठ यांच्यामध्ये एक लहान दांडी नुसती दाबून उभी करतात. तिला डिंक नाही, खिळा नाही. इटालियनमध्ये तिला ‘आनिमा’ म्हणतात, म्हणजे आत्मा.

सगळं जोडायचं ते जनावराच्या कातड्या-हाडांच्या गरम सरसाने. आधुनिक गोंद जास्त पक्के असतात, म्हणूनच ते नको. सरस गरज पडली तर सुटला पाहिजे. पन्नास वर्षांनी कोणी भेग सांधायला येईल, कोणी आतली पट्टी बदलायला. ‘राजा’चं पोट १८०१ मध्ये उघडता आलं, ते आमाटीच्या सरसामुळे.

रोगणाआधीचं वाद्य पांढरंफटक दिसतं. क्रेमोनात अशी वाद्यं गच्चीवर, खिडकीत उन्हात टांगलेली दिसत. आता बहुतेकांकडे अतिनील दिव्यांचं कपाट असतं आणि दिरंगाईला उन्हाचं कारण चालत नाही. गिऱ्हाइकाच्या हाती वाद्य गेलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. नवं लाकूड तारांच्या ओढीखाली बसतं, हवामानाने फुगतं-आक्रसतं. महिन्यादोन महिन्यांनी गिऱ्हाईक परत येतं: वरची तार टोचते, खर्ज घशात अडकतो. कारागीर एक वाकडी सळई आत घालून आत्मा मिलिमीटरभर सरकवतो आणि म्हणतो, वाजवा. कधीकधी तेवढ्याने भागतं.

आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर चेलो पडला तो सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधून. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या चर्चशाळांतून शिकलेले वादक तंतुवाद्यांच्या रांगा भरत. राहुलदेव बर्मनचे सहायक बासू चक्रवर्ती स्वतः चेलोवादक होते. ‘गाण्याच्या मागे काहीतरी रडतंय’ असं वाटायचं, ते बरेचदा चेलोच असायचं. तो तिथे भरण्याला होता, जसा फ्रेंच दरबारात होता. पुढे यायला इथेही वेळ लागला.

नॅन्सी लेश ही अमेरिकन चेलोवादक रुद्रवीणेचे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकली, आणि पुढे नॅन्सी कुलकर्णी या नावानेही ओळखली गेली. डागरांचं गुरुकुल पनवेलजवळ पळस्पे इथे. खुद्द डागरसाहेबांनी आपल्या वीणेचे भोपळे मोठे करून घेतले होते, दांडी भक्कम करून घेतली होती, आलापाची आस लांबावी म्हणून. चेलोवर ध्रुपद शिकायला याहून योग्य गुरू कोण मिळणार होता?

डच चेलोवादक सास्किया राव-द हास हिने मात्र पुढचं पाऊल थेट कारागिराच्या दारात टाकलं. हरिप्रसाद चौरसियांसारख्या गुरूंकडे शिकून ती राग वाजवू लागली. पण तिला खुर्ची नको होती. बैठकीवर मांडी घालून वाजवायचं होतं, आणि नेहमीचा चेलो मांडीत मावत नाही. शिवाय आपल्या वाद्यांमध्ये घुमणारी तरफांची आस तिला चेलोत हवी होती. तिने एदुआर्द व्हान टोंगेरेन या कारागिराकडून भारतीय चेलो करवून घेतला. धड लहान, वाजवायच्या तारा पाच आणि तरफांच्या दहा. आंद्रेआ आमाटीने दरबारासाठी तीन तारांची सोय केली होती. व्हान टोंगेरेनला पंधरांची करावी लागली.